लाकडाची राख मूठभर, मग दगडी कोळशाची एवढी कशी?

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात नववीला विज्ञान शिकवते. दगडी कोळसा गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून बनतो, असे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, चुलीत भरपूर लाकूड जाळले तरी राख थोडीच उरते, मग आपल्याकडचा कोळसा जाळल्यावर राखेचे ढीग कसे साठतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : मुलीचा प्रश्न फार मार्मिक आहे. ही राख मुख्यतः झाडांची नसून गाळाची आहे. तुमच्याकडचा, म्हणजे वर्धा खोऱ्यातील कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, पर्मियन काळातला आहे. तेव्हा भारत दक्षिणेकडील गोंडवन महाखंडाचा भाग होता (हे नाव आपल्याच मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले, हे मुलांना आवर्जून सांगावे). तिथल्या दलदलींत जिभेच्या आकाराची पाने असणारे ग्लॉसॉप्टेरिस वृक्ष वाढत. त्यांचे अवशेष पाण्याखाली प्राणवायूअभावी पूर्ण न कुजता साचले आणि त्यांचे पीट झाले; पुढे वरच्या थरांचा दाब व जमिनीतील उष्णता यांमुळे पाणी आणि वायू निघून जाऊन कार्बनचे प्रमाण वाढत गेले, तसे पीटचे लिग्नाइट आणि लिग्नाइटचे बिट्युमिनस कोळशात रूपांतर झाले. मात्र या वनस्पतींबरोबर नद्यांनी आणलेली बारीक माती आणि वाळूही साचत होती. ती कोळशात इतकी एकजीव झाली आहे की धुऊनही सहज निघत नाही, आणि ती जळतही नाही. म्हणूनच वीजकेंद्रांत वापरल्या जाणाऱ्या भारतीय कोळशात साधारणतः ३० ते ४५ टक्के राख निघते.

उत्तर २ : उपयोगाबद्दल थोडी भर घालतो. एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी असा कोळसा सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम लागतो, आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. यावरून राखेचा अंदाज मुलांना स्वतःच काढू द्यावा. यांपैकी बरीच राख सिमेंट आणि विटांसाठी वापरली जाते.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. याच कोळशावर पोलाद तयार करता येते का?

उत्तर १ : पोलादासाठी आधी लोहखनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीसाठी हा कोळसा चालत नाही. त्या भट्टीला कोक लागतो. झारखंडमधील झरियासारख्या ठिकाणचा कोळसा हवेशिवाय तापवला की मऊ होऊन फुगतो आणि मग त्याचा कठीण, सच्छिद्र कोक बनतो. भट्टीत हा कोक वरच्या खनिजाचा भार पेलतो आणि त्याच्यापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा तापवल्यावर तसा मऊ होऊन एकसंध होत नाही.