मदत हवी आहे: पडलेल्या लहान मुलाला रस्त्यापर्यंत कसं न्यायचं?

नमस्कार. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे भीमगडच्या जंगलाला लागून आमची वाडी आहे. मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. पावसाळ्यात ओढा भरला की गाडी वाडीत येत नाही. १०८ लावायला टेकावर चढून रेंज शोधायची, आणि पोराला घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चार किलोमीटर चालायचं.

गेल्या आषाढात दुसरीतला मुलगा फणसावरून पडला. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी नेला. झोळीत त्याची मान छातीवर दुमडली होती, पावलागणिक हिंदकळत होती. मी छत्री धरून शेजारून चालत होते. चुकतंय एवढं कळत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं. आजी मधेमधे पाणी पाजायला बघत होती. पोरगं वाचलं. ती मान मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

झोळी नको तर काय? आणि वाटेत काय बघत राहायचं?

प्रतिसाद:
बाई, मी अपघात विभागात नर्स होते. झोळी नकोच. फळी घ्या, नाहीतर दार काढा. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे सपाट फळीवरही मान पुढे वाकून श्वासाची वाट दबते. म्हणून खांद्यापासून खाली चादरीची इंचभर घडी घाला, डोक्याखाली काही नको. उचलताना एकाने फक्त डोकं धरायचं, आणि ‘उचला’ त्यानेच म्हणायचं. उलटी आली तर सगळं अंग एकदम कुशीवर.

पाणी अजिबात नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, उचलून बघू नका. वीस किलोच्या मुलात रक्तच जेमतेम दीड लिटर असतं, दोन पेले गेले तरी पाव भाग गेला. मुलांचं बीपी शेवटपर्यंत टिकतं, म्हणून भरभर चालणारी नाडी आणि गार पडलेले हातपाय बघा. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. सारखी उलटी, गुंगी, कानानाकातून पाणी असेल तर ते १०८ ला फोनवरच सांगा.

शाळेत जुनी फळी आहे. बांधायला साडीच्या पट्ट्या चालतील?

चालतील. आधी छाती, मग कंबर, मग गुडघे, डोकं सगळ्यांत शेवटी. छातीवर तुमची चार बोटं आत जाऊ देत.