सेटिंग चुकली, तर फॉरमॅट कशाला?

माडाखालचा (देवगड)

परवा एकाने इथे ठोकून दिलं: "विंडोज चालू होत नसेल तर डोकं शिणवू नका. फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, अर्ध्या तासात मशीन नवं. सेटिंगच्या मागे लागणारे नुसता वेळ घालवतात." त्याला माना डोलावणारेही भरपूर निघाले. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

चार वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात माझा कॉम्प्युटर सुरू होईना. तालुक्याला दुकानात नेऊन दिला. संध्याकाळी फोन आला, "झालं, घेऊन जा." घरी आणून बघतो तर सगळा पडदा मोकळा, कोपऱ्यात फक्त रिसायकल बिन. सहा हंगामांची आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी गेली. कुणाला पाच डझनी पेटी लागते, कुणाला अक्षय्य तृतीयेच्या आधीच हवी, कोण आगाऊ पैसे देतं, सगळं त्यात होतं. त्या वर्षी निम्मा माल दलाल म्हणेल त्या भावाने वाशीला गेला.

यंदा गणपतीत पुन्हा तेच. भाचा मुंबईहून आला, कुठलासा व्हिडिओ बघून म्हणाला, "मामा, मशीन स्लो आहे, फास्ट करून देतो." एमएसकॉन्फिग, म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं त्याच्या सेटिंगची खिडकी, उघडली, बूटच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'मॅक्सिमम मेमरी'वर खूण केली, काहीतरी आकडा टाकला, ओके. रिस्टार्ट केल्यावर लोगो, निळा पडदा, परत लोगो. थांबेचना. भाचा गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेला.

या वेळी मी दुकानाची पायरी चढलो नाही. लोगो आला की बटण दाबून धरायचं आणि बंद करायचं, असं तीनदा केलं. मग विंडोजच 'ऑटोमॅटिक रिपेअर'वर गेलं. त्या रिपेअरने काही झालं नाही. सेफ मोड, म्हणजे मोजक्या गोष्टींवर चालणारं विंडोज, तेही येईना, कारण मेमरीची ती मर्यादा सेफ मोडलाही लागते. शेवटी ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट उघडला, बीसीडीएडिट ही कमांड लिहून एंटर मारला. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, नोंदी आल्या. विंडोजच्या नोंदीखाली एक ओळ जास्तीची होती, 'ट्रंकेटमेमरी', म्हणजे भाच्याने घातलेली मेमरीची मर्यादा. त्याच कमांडच्या डिलीटव्हॅल्यूने तेवढीच काढली. रिस्टार्ट. दहा मिनिटं लागली आणि यादी जागच्या जागी.

एका खुणेची चूक होती. ती पुसायची सोडून अख्खं घर पाडा म्हणून लोकांना का सांगता?

पाना-पक्कड (कणकवली)

तो सल्ला माझा नाही, पण उत्तर मी देतो, कारण शिव्या शेवटी आम्हा दुकानदारांनाच बसतात. गेली अकरा वर्षं बाजारात बसतोय. मशीन टेबलावर ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, "काय झालं माहीत नाही, आपोआप बंद पडलं." कुणी कुठे खूण केली हे कध्धी सांगत नाहीत. तीन तास शोधून एक ओळ काढली आणि पाचशे मागितले, तर म्हणतात "एवढंच केलंस ना?" फॉरमॅट केलं की तेच पाचशे हसत देतात. पैसे कामाला नाही, दिसण्याला मिळतात.

आणि मी आधी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो, डेटा उतरवून घेतो, मगच फॉरमॅट. ज्याने तुमचा डेटा उडवला त्याने हे केलं नाही, तो त्याचा गुन्हा. फॉरमॅटचा नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, जुन्या मशीनवर तसंही सगळं नव्याने टाकावं लागतंय.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

एवढं कशाला? पाठचं झाकण उघडा, बोर्डावरचा सेल काढा, पाच मिनिटांनी परत बसवा. सगळ्या सेटिंग कंपनीसारख्या होतात. मी कायम हेच करतो.

माडाखालचा (देवगड)

नाही होत, आणि या गैरसमजानेच लोक फसतात. सेल काढल्याने बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग जातात, त्या बोर्डावर असतात. भाच्याने केलेली खूण डिस्कवर होती. सेल काढून वर्षभर ठेवला असता तरी ती तिथेच राहिली असती.

पाना-पक्कड (कणकवली)

इथे देवगडकर बरोबर आहेत. उलट सेल काढून नवीन घोळ होतो. बायोसमध्ये डिस्क चालवण्याचा मोड 'रेड'वर (RAID) असेल आणि सेल काढल्यावर 'एएचसीआय' या दुसऱ्या मोडवर गेला, की चांगलं विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून मान टाकतं. मोड होता तसा केला की उठतं. पण सेलचं म्हणणं अगदी टाकाऊही नाही. आपल्याकडे घरं आठ-आठ महिने बंद. मेन स्विच खाली, त्यामुळे बोर्ड नुसत्या सेलवर जगतो. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, पन्नासाच्या आत मिळतो. तो संपला की तारीख मागे जाते, बूटचा क्रम बदलतो, आणि लोक म्हणतात विंडोज उडालं. मे महिन्यात अशी मशीनं रांगेने येतात. तिथे मी नवा सेल घालतो, सेटिंग लावतो, देतो. फॉरमॅट करत नाही.

खाडीपलीकडची (गुहागर)

मध्येच विचारते, माफ करा. मुलगा सुट्टीत आला होता. पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स चालवून बघायचं म्हणून त्याने माझ्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये काहीतरी बंद केलं. आता सुरू केला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी 'रिकव्हरी की' (किल्ली) मागतो. मुलगा बोटीवर आहे, फोन लागत नाही. इथला मुलगा म्हणतो फॉरमॅट करून देतो. करू का? आत माझ्या जात्यावरच्या ओव्या आहेत, बारा वर्षं गोळा केलेल्या.

डोंबिवलीचा पाहुणा

मूळ मुद्द्यावर बोलतो. माडाखालचे, तुमच्या लिहिण्यात सगळा दोष भाच्यावर का? वर्षातून दोनदा गावी येतो. २०११ पासून रखडलेल्या मुंबई-गोवा हायवेवर हाडं खिळखिळी करून, चौदा चौदा तास. अंघोळ होत नाही तोच "जरा कॉम्प्युटर बघ", "प्रिंटर चालत नाय", "मोबाइलमधे आवाज येईना". केलं तरी आम्ही वाईट, नाही केलं तर शहरात जाऊन शेफारले. मुळात तो कॉम्प्युटर घेऊन दिला कोणी?

माडाखालचा (देवगड)

माझा मी घेतलाय, आंब्याच्या पैशातून. आणि तुमच्यासारख्यांचं हेच चुकतं. गावातली वस्तू म्हणजे सरावाला आहे असं वाटतं. स्वतःच्या ऑफिसातल्या मशीनला असा हात लावाल? तिथे नोकरी जाईल. इथे मामाचा धंदा गेला तर कुणाला काय!

डोंबिवलीचा पाहुणा

धंदा बुडवायला आला होता का तो पोरगा? प्रेमाने करायला गेला. तुम्ही शेजारी बसला होतात ना? एका शब्दाने विचारलंत, "हे काय करतोस"?

मालवणचो आजो

माझ्या नातवान मे म्हयन्यात तसाच केल्यान. बोललंय तर माकाच शिकवक लागलो. पण प्रिंटर तीन वर्सां बंद होतो, तो पण त्येनाच चालू करून दिल्यान, ह्या पण सांगूक व्हया.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मुंबईकरांना बोलू नका हो. २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात पाणी शिरलं, मशीन पोटमाळ्यावर चढवायला वेळ मिळाला नाही. बॅकअपची डिस्कही त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही चिखलात. पुतण्याने डोंबिवलीत जुन्या मेलमधली बिलं एकेक शोधून पाठवली, त्यावर पुन्हा उभा राहिलो. लांब राहणाऱ्या माणसाकडे एक प्रत असणं काय असतं, ते मला विचारा.

माडाखालचा (देवगड)

पुतण्याने पाठवली हे चांगलंच केलं. पण त्याने तुमच्या मशीनच्या सेटिंगला हात लावला नव्हता. दोन्ही गोष्टी एकत्र करू नका.

खाडीपलीकडची (गुहागर)

माझं कोणी वाचलंत का? तो मुलगा उद्या सकाळी येणार आहे.

पाना-पक्कड (कणकवली)

वाचलं नव्हतं, चूक झाली. ताई, त्याला थांबवा, फॉरमॅट अजिबात नको. हा बिटलॉकर आहे, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. डिस्क कुलूपबंद असते. मी वर फुशारकीने लिहिलं ना, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो म्हणून? इथे ते चालत नाही. कीशिवाय डिस्क दुसरीकडे वाचताच येत नाही. गेल्या वर्षी असा एक लॅपटॉप आला होता, मी डिस्क काढली, लावली, आणि हात टेकले. नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप मालकाला पत्ता नसताना लागलेलं असतं. की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, लॅपटॉप घेताना जे खातं उघडलं त्यात.

खाडीपलीकडची (गुहागर)

खातं मुलाच्या ईमेलने उघडलंय. पासवर्ड माझ्याकडे नाही.

माडाखालचा (देवगड)

ताई, मघाशी माझंही लक्ष भांडणात होतं. कीची गरज कदाचित लागणारच नाही. लिनक्ससाठी मुलाने बहुतेक 'सिक्युअर बूट', म्हणजे फक्त ओळखीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सेटिंग, बंद केलं असणार. कुलूप ते बघूनच बिथरतं. पूर्वीसारखं केलं की पुष्कळदा की न मागता उघडतं. लॅपटॉप बंद करा, चालू करताना लगेच एफ२ सारखं दाबत राहा. कंपनीप्रमाणे डिलीट किंवा एस्केपही असतं. 'सिक्युरिटी' किंवा 'बूट' पानावर 'सिक्युअर बूट' शोधा, ते 'एनेबल्ड' करा, एफ१० ने सेव्ह. दुसऱ्या कशालाही हात लावू नका. 'क्लिअर टीपीएम' (कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप पुसणं) दिसलं तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, मग की खरंच लागेल. आणि आधी त्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

डोंबिवलीचा पाहुणा

फोटोचं बरोबर बोललात. तुमच्या भाच्याने तो काढला असता तर वाद झालाच नसता, तेवढं मान्य. काही बदलायच्या आधी फोटो काढायला हवा, आम्हीही काढत नाही. पण घरातल्यांनी शेजारी बसावं, हे मी मागे घेत नाही.

माडाखालचा (देवगड)

शेजारी बसलो नव्हतो, हे खरं. आरतीची वेळ होती.

पाना-पक्कड (कणकवली)

देवगडकर, ताईंच्या बाबतीत तुमचं पटलं. जे बदललं ते आधी परत फिरवायचं. पण गिऱ्हाइकाने काय बदललं ते सांगितलंच पाहिजे, हा माझा हट्ट राहणार. दुकानात पाटी लावतोय: 'शेवटचं काय केलंत ते खरं सांगा.'

माडाखालचा (देवगड)

लावा. खाली आणखी एक ओळ घाला: 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करणार नाही.' आणि नुसतं शोधून काढायचे पाचशे मागा, मी देईन. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातली ८५ लाख विंडोज मशीनं बसली, विमानतळ अडले. तेव्हा उपाय हाच होता की रिकव्हरीत किंवा सेफ मोडमध्ये जायचं आणि बिघडलेली तेवढी फाईल काढायची.

पाना-पक्कड (कणकवली)

तिथेही बिटलॉकरची की सापडली नाही ते ताटकळत बसले होते, तेही सांगा. पाचशे देणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. दुसरं आलं की कळवतो.

खाडीपलीकडची (गुहागर)

एफ२ चारदा चुकलं, पाचव्यांदा पान उघडलं. 'सिक्युअर बूट डिसेबल्ड' असंच होतं. फोटो काढला, एनेबल्ड केलं, एफ१०. आकडे मागितले नाहीत. ओव्यांचं फोल्डर उघडलं, शेवटची फाईल ज्या म्हातारीची आहे ती गेल्या श्रावणात गेली. सकाळी येणाऱ्या मुलाला फॉरमॅट नको म्हणून कळवलंय, येताना ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन ये म्हटलंय. सगळं त्यावर उतरवते आणि पाठच्या गल्लीत बहिणीकडे ठेवते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पाठच्या गल्लीत नको, ताई. दुसऱ्या गावात ठेवा.