बायोसमधला डिस्कचा मोड बदलायचा म्हणून लिनक्स पुन्हा टाकायचं?

यंत्रमागवाला
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यातला लॅपटॉप. साटा एसएसडीवर (जुन्या जोडणीच्या डिस्कवर) उबुंटू लिनक्स, हिशेब-डिझाइन सगळं त्यातच. आता जोडीला एनव्हीएमई (जास्त वेगवान डिस्क) बसवली तर दिसेचना. डीमेसेग (कर्नलचे संदेश) बघितलं, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच सांगतोय: एक एनव्हीएमई रीमॅप झालेली आहे (साटा कंट्रोलरच्या आड गेली आहे), वापरायची तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड रेडऐवजी एएचसीआय करा. दुकानदार म्हणतो, मोड बदलला की ओएस नव्यानं टाकावी लागणार. विंडोजचं दुखणं लिनक्सच्या गळ्यात कशाला? रेड मोडमध्येही इंटेलचा साटा कंट्रोलर लिनक्स एएचसीआय ड्रायव्हरनंच चालवतं. एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) यूयूआयडी (न बदलणारे ओळख क्रमांक) असल्या की एसडीए-एसडीबी या डिस्कच्या नावांचा क्रम हलला तरी बिघडत नाही.

सातरस्ता
दुकानदाराच्या जागी बसून बघा. निम्म्या मशीनवर सोबत विंडोज असतं. मोड बदलला की निळी स्क्रीन, नाहीतर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की मागतो. गिऱ्हाईक म्हणतं, कसली की? शिव्या आम्हालाच. बॅकअप घ्यायचा, नवं टाकायचं, विषय संपला.

यंत्रमागवाला
माझ्याकडे विंडोज नाहीच. असलं तरी बिटलॉकर सस्पेंड करा, बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडनं सेफ मोड लावा, मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, मग तो काढून टाका. नवं टाकणं पटकन होतं हो, पण प्रिंटर, मराठी कीबोर्ड, डेटाबेस परत लावायला तुम्ही येणार का?

भुईकोट
खरी गोम इनिट्रॅमएफएसमध्ये (लिनक्स उठताना आधी लागणाऱ्या ड्रायव्हरांच्या गाठोड्यात) आहे. नव्या इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क आपल्या मागे घेणारा इंटेलचा कंट्रोलर) असतो. तो बंद करून लिनक्स उठवणं सोपं, कारण एनव्हीएमई ड्रायव्हर आत असतोच. उलटं केलं, म्हणजे बंद असलेला चालू केला, तर पंचाईत. फेडोरा लिनक्सचा ड्रॅकट (इनिट्रॅमएफएस बनवणारा प्रोग्राम) त्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर भरतो. त्यात व्हीएमडीचा ड्रायव्हर नसला तर रूट (लिनक्स असलेला डिस्कचा भाग) सापडत नाही आणि इमर्जन्सी शेल (नुसती कमांडची काळी स्क्रीन) तोंडावर येतं. तरी रीइन्स्टॉल नकोच. बायोस जुन्या मोडवर न्या, व्हीएमडीसकट इनिट्रॅमएफएस बनवा, मग बदला. मात्र दोन डिस्क जोडून खराच रेड केला असेल, तर बॅकअपशिवाय हात लावू नका.

सातरस्ता
हे सगळं गिऱ्हाईक करणार? अन् काही बायोस 'डेटा जाईल' असा इशारा देतात, तिथं हो कोण म्हणणार?

यंत्रमागवाला
मी म्हटलं हो, बॅकअप घेऊन. उबुंटू जसंच्या तसं उठलं, एनव्हीएमईही दिसली. तुम्ही खुशाल नवं टाका, पण बिलावर 'आमच्या सोयीसाठी' असं लिहा. 'लिनक्सला लागतं म्हणून' नको.