फायबर पोस्ट सुटून येतोय, रेझिन सिमेंटचं बॉन्डिंग कसं सुधारू?

दाढदुखी: नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावी क्लिनिक आहे, मी साधी बीडीएस, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. पुढच्या दातांत फायबर पोस्ट (मुळात बसवायची काच-फायबरची काडी) टाकून वर क्राऊन (कॅप) दिलेले काही पेशंट वर्ष-दीड वर्षात परत यायला लागलेत, कॅप, कोअर (कॅपखालचा भरावाचा गाभा), पोस्ट सगळं अखंड रुमालात बांधून आणतात आणि वर "मॅडम, हा घ्या तुमचा दात". काल एक लॅटरल (मधल्या दाताशेजारचा पुढचा दात) आला. मूळ शाबूत, एक्सरेत आरसीटी (रूट कॅनॉल) छान, नुसता पोस्ट सुटलाय.

माझी पद्धत अशी: झिंक ऑक्साइड युजेनॉल (लवंग तेलातलं द्रव्य) सीलर, म्हणजे कॅनॉल भरायची पेस्ट, पीझो रीमरने (ड्रिलने) पोस्ट स्पेस, खाली ५ मिमी जीपी (गटापर्चा, कॅनॉल भरायचं गुलाबी रबरासारखं द्रव्य) ठेवते, हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) धुऊन थ्री-वेने (हवा-पाण्याच्या सिरिंजने) हवा मारायची, पोस्टला सेल्फ अ‍ॅडहेसिव्ह सिमेंट (वेगळं बॉन्डिंग न लागणारं) चोपडून बसवायचा, २० सेकंद लाइट. आता पोस्टवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग सिलेन (काचेला रेझिन जोडणारं द्रव्य) असं करून बघावं म्हणते. किती टक्के, किती वेळ? कोणी करतं का?

चिमटा_सांडशी: सँडब्लास्ट करा की, खरखरीत झालं की धरतं.

कोपऱ्यातला_दवाखाना: अहो नको, धातूच्या पोस्टला ठीक आहे, फायबरवर जोरात मारलं तर फायबरच तुटतात. मॅडम, पेरॉक्साइडचं नंतर बघू, आधी तो निघालेला पोस्ट लूपखाली (भिंगाखाली) धरा. सिमेंट पोस्टवर आहे का कॅनॉलमध्ये राहिलंय?

दाढदुखी: पाहिलं. पोस्टवर सिमेंटचा पूर्ण थर आहे, गुळगुळीत, टोकाकडे गुलाबी जीपीचा पुसट लेप. कॅनॉलमध्ये काहीच नाही.

कोपऱ्यातला_दवाखाना: मग झालं की, पोस्टने सिमेंट धरलंय, डेंटिननेच (मुळाच्या भिंतीनेच) धरलेलं नाही. बहुतेक फायबर पोस्ट तिथेच सुटतात. पेरॉक्साइडने वरचं इपॉक्सी थोडं विरघळून फायबर उघडे पडतात आणि सिलेनला धरायला काच मिळते, २४ टक्के एक मिनिट असं करतात, पण तुमचं दुखणं पलीकडच्या भिंतीला आहे.

एक, युजेनॉल रेझिनला नीट सेट होऊ देत नाही, पोस्ट द्यायचा असेल तर इपॉक्सी रेझिनवाला सीलर घ्या. दोन, हायपो शेवटी ठेवू नका, त्याचा ऑक्सिजन डेंटिनमध्ये राहून पॉलिमरायझेशन अडवतो. काही सेल्फ अ‍ॅडहेसिव्हच्या पत्रकात हायपोने धुवा असं असतं खरं, पण त्यापुढे पाण्याने धुवा हेही असतं आणि तेच आपण वाचत नाही. १० टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटनेही परिणाम उलटतो, पण रोज कोण बनवत बसणार. तीन, तो गुलाबी लेप! या सिमेंटचं अ‍ॅसिड सौम्य, सीलर-जीपीचा थर ते भेदू शकत नाही. अल्ट्रासॉनिक टिपने भिंती घासून काढा, मॅग्निफिकेशनखाली डेंटिन दिसलं पाहिजे. आणि थ्री-वे बंद करा, खाली पाणी साचतं नाहीतर वर डेंटिन कोरडं ठक्क होतं, आपल्याकडे कॉम्प्रेसरचं तेल येतं ते वेगळंच. पेपर पॉइंट कोरडा येईपर्यंत, बस्स.

मोलार_मावशी: सिमेंट पोस्टला चोपडण्यापेक्षा बारीक टिपने तळापासून वर भरत या, हवेचे बुडबुडे राहत नाहीत. लेंटुलो (सिमेंट आत फिरवणारी स्प्रिंग) नको, काही सिमेंटं त्याने लवकर सेट होतात. लाइट खालच्या तिसऱ्या भागात जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे पोस्ट धरून ठेवून आधी सेल्फ क्युअरला (लाइटशिवाय आपोआप सेट होण्याला) पत्रकातली मिनिटं द्या, लगेच कोअर कोरायला घेऊ नका. कॅनॉलमध्ये चारी बाजूंनी भिंत, सी-फॅक्टर (चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचं प्रमाण) २०० च्या वर जातो, सिमेंट आकसताना भिंत सोडणारच, म्हणून घट्ट बसणारा पोस्ट घ्या, थर पातळ राहील.

बाकी फेरूल (कॅपच्या कडेने वेढलेली शाबूत दाताची उंची) किती आहे ते तुम्ही लिहिलंच नाही.

दाढदुखी: लॅटरलला लेबियल (ओठाकडे) १ मिमी असेल नसेल, पॅलेटल (टाळूकडे) बरा आहे. क्राऊन लेन्थनिंग (हिरडी वर घेऊन दात जास्त उघडा करणं) करू का?

मोलार_मावशी: २ मिमी हवा हो, नाहीतर चावताना सगळा जोर सिमेंटवर येतो आणि मग कुठलंही सिमेंट आणा. पण लॅटरलला लेन्थनिंग केलं की एकाच दाताची हिरडी वर गेलेली हसताना दिसते. ओठ किती वर जातो ते बघा, मूळ लांब असेल तर ऑर्थोवाल्याकडून दात थोडा खाली ओढून घ्या. क्राऊनला हात त्यानंतर.

दाढदुखी: मूळ लांब आहे. पेशंटचं लग्न दिवाळीनंतर आहे, तोवर टेम्पररी काय देऊ?

कोपऱ्यातला_दवाखाना: शेजारच्या दातांना चिकटवून कॉम्पोझिटचा दात. पुढून चावू नको म्हणून बजावून सांगा, आणि टेम्पररीला युजेनॉलवालं सिमेंट अजिबात नको.