मदत हवी आहे: सगळं नीट करूनही रेटिंग उतरतंय

स्टिअरिंगवाला
ॲपवर टॅक्सी चालवतो. रेटिंग ४.९१ होतं, आता ४.७८ वर आलंय आणि उतरतच चाललंय. गाडी चकाचक असते, बोलणं नम्र, मागे पाण्याची बाटली, चार्जिंगची वायर, एसी न सांगता लावतो. भाडं नाकारत नाही. माणसाने अजून करायचं काय? ग्राहकसेवेतलं कळणाऱ्यांनी सांगा. 'मनापासून सेवा करा' छाप उत्तरं नकोत, ती ॲपवालेही रोज पाठवतात.

निवांत प्रवासी
गप्पा मारता का? गप्पिष्ट ड्रायव्हरला मी सरळ तीन तारे देतो. दिवसभर लोकांशी बोलून डोकं उठलेलं असतं, त्यात 'कुठे असता, काय करता' कशाला?

रात्रपाळी
उलट आहे. मी स्वतः चालवतो. अजिबात न बोलणारा ड्रायव्हर शिष्ट वाटतो. गाडीत बसल्यावर एक वाक्य टाकायचं. एका शब्दात उत्तर आलं की विषय संपला. समोरून प्रश्न आला तर बोलायचं. माझं रेटिंग यावरच टिकलंय.

निवांत प्रवासी
ते एक वाक्यही नको.

रात्रपाळी
मग तुम्ही बसने जा.

गणिती
भांडण थांबवा. आधी सांगा, ॲप कुठलं आणि खातं किती जुनं? उबरवर शेवटच्या ५०० रेटिंगची सरासरी धरतात. तिथे पाचाऐवजी एक तारा आला की सरासरी फक्त ०.००८ ने उतरते. म्हणजे तुमच्याएवढं उतरायला सोळाच्या आसपास एकतारे हवेत. नव्या खात्यावर ६० च रेटिंग असतील तर दोन पुरतात. दोन्ही रोग वेगळे, औषधं वेगळी. आणि हे सुरू कधीपासून झालं?

स्टिअरिंगवाला
ॲपने काय फरक पडतो? खातं जुनं आहे, भरपूर फेऱ्या झाल्यात. आणि मी गप्पा मारत नाही, तो विषय सोडा.

गणिती
मग एखाद्या खवट गिऱ्हाइकाचं हे काम नाही. बऱ्याच जणांना एकच गोष्ट खटकतेय. कधीपासून ते सांगितलं नाहीत.

डॅशकॅमप्रेमी
डॅशकॅम लावा. पुढे आणि मागे, दोन्हीकडे. पुरावा राहतो.

गणिती
तारे कमी दिल्याचा पुरावा कशाला हवाय?

डॅशकॅमप्रेमी
वेळ आली की कळेल.

वाचनवेडी
मानसशास्त्रात यावर काम झालंय. रेडेलमायर आणि काहनेमन यांनी १९९६ मध्ये कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण त्रास किती वेळ झाला यापेक्षा सगळ्यात वाईट क्षण कोणता होता आणि शेवट कसा झाला, हेच लोकांच्या लक्षात राहिलं. तुमच्याकडे रेटिंग मागतातच मुळी प्रवास संपल्यावर. तेव्हा उतरवता कुठे ते पाहा. रस्त्याच्या पलीकडे उतरवलंत की बाटली, वायर, सगळं विसरलं जातं.

रात्रपाळी
टॅक्सीच्या धाग्यावर कोलोनोस्कोपी! पण उतरवण्याचं बरोबर आहे. बसवण्याचंही. उंच इमारतींत जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, नकाशावरची खूण भलतीकडेच दिसते. मी पोचायच्या आधीच मेसेज टाकतो, 'कुठल्या गेटपाशी आहात?' निम्मी चिडचिड तिथेच मिटते.

निवांत प्रवासी
गाडीत वासाची डबी आहे का? मला त्याने मळमळतं.

स्टिअरिंगवाला
डबी नाही. उतरवतो दारात. कधीपासून म्हणाल तर नवी गाडी घेतल्यापासून, पण गाडीचा प्रश्नच नाही. इलेक्ट्रिक आहे, आवाज नाही, धूर नाही, जुनीपेक्षा कितीतरी सरस. शेऱ्यांत सगळ्यात जास्त 'ड्रायव्हिंग' दिसतंय, ते काही मला पटत नाही. इतकी वर्षं चालवतोय.

वळणावळणाने
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! रीजन, म्हणजे पाय उचलला की गाडी मंदावून बॅटरी चार्ज करणारी सोय, कितीवर ठेवलाय?

स्टिअरिंगवाला
फुल. चार्ज वाचतो.

वळणावळणाने
तिथेच आहे सगळं. फुल रीजनवर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालते आणि गाडी लगेच मंदावते. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला तर ती घरंगळत राहायची, तीच सवय तुमच्या पायाला आहे. गर्दीत दर दोन मिनिटांनी हिसका. पाय तुमचाच असल्यामुळे तुमच्या शरीराला तो आधीच कळलेला असतो. मागचा माणूस फोनमध्ये. डोळ्यांना हालचाल दिसत नाही, आतल्या कानाला जाणवते, आणि या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते. इंजिनचा आवाजही नाही, त्यामुळे वेग बदलणार याची चाहूल लागत नाही. बाटली ठेवून काय होणार!
रीजन सगळ्यात खाली आणा. पाय झटकन उचलू नका, हळूहळू सैल करा. आणि एकदा दुसऱ्याला चालवायला देऊन स्वतः मागे बसा, फोन वाचत.

रात्रपाळी
पण एका चार्जवर गाडी कमी धावेल. धंद्याच्या गाडीला ते परवडतं का?

वळणावळणाने
बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबला तरी आधी रीजनच होतो. तोटा वाटतो तेवढा नसतो. हायवेला गिऱ्हाईक नसताना करा की फुल.

डॅशकॅमप्रेमी
इलेक्ट्रिक गाडीत डॅशकॅमची वायर १२ व्होल्टच्या बॅटरीवरच घ्या. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला हात लावू नका.

स्टिअरिंगवाला
रीजन खाली आणलाय. आज मागे भाची बसली होती. तिला आधी गाडी लागायची, ते घरात सगळ्यांना माहीत होतं, मला कोणी सांगितलं नाही. आठवडाभर बघतो. निवांत, ते एक वाक्य मी टाकणार.

निवांत प्रवासी
तीन तारे.