बैलांत सर्रा निघाला. माणसाच्या तापात ट्रिपॅनोसोमा कसा शोधायचा?

धानपट्टा:
नमस्कार मंडळी. पूर्व विदर्भातून विचारतो आहे. पोळ्यानंतर आमच्या भागात २ बैल आणि १ म्हैस यांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा एकपेशीय परजीवी, म्हणजे सर्रा आजार, निघाला. जनावरांवर उपचार सुरू आहेत. पण चंद्रपूरला २००४ साली माणसात सर्रा सापडला होता, त्या रुग्णाची चर्चा पुन्हा सुरू झाल्याने ज्याला ताप येतो तो ‘मलाही तेच झालं का’ असं विचारतो. काहींचा ताप उतरून पुन्हा चढतोय आणि मलेरियाची किट निगेटिव्ह येते आहे. प्रयोगशाळेत साधा मायक्रोस्कोप, जेएसबी आणि जिम्सा हे रक्ताची स्लाइड रंगवायचे रंग आणि हिमॅटोक्रिटचं सेंट्रिफ्यूज (रक्ताच्या केशनलिका फिरवायचं यंत्र) आहे. कुणाचं रक्त बघावं, कसं बघावं, आणि सापडलाच तर पुढे काय?

काचपट्टी:
एवढ्या सामानात काम होतं. आधी एक गोष्ट पक्की करा: मलेरियाची किट प्लाझमोडियमची, म्हणजे मलेरियाच्या परजीवीची, प्रथिनं पकडते, ट्रिपॅनोसोमा तिला दिसत नाही. सेल काउंटरवरही विसंबू नका. तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

ताप चढलेला असताना रक्त घ्या. हा परजीवी आपल्या पृष्ठभागावरचं प्रथिन सारखं बदलतो, त्यामुळे रक्तातली संख्या लाटेसारखी वरखाली होते. एका निगेटिव्ह स्लाइडला म्हणूनच अर्थ नाही. निदान ३ दिवस लागोपाठ बघा.

ओली स्लाइड: साधारण ३ मायक्रोलिटर रक्त, वर २२×२२ मिमीची कव्हरस्लिप. थेंब मोठा झाला की लाल पेशी एकावर एक चढतात आणि काही दिसत नाही. कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा, ४० चं ऑब्जेक्टिव्ह लावा. परजीवी शोधू नका, पेशींची हालचाल शोधा. एका जागच्या पेशी कुणी ढकलल्यासारख्या हलत असतील तर तिथे थांबा. ५०-१०० फील्ड तरी बघायचेच. रक्त काढल्यापासून अर्ध्या तासात हे उरकलं पाहिजे. नंतर हालचाल मंदावते आणि तीच तर आपली खूण.

परजीवी कमी असतील तर ओली स्लाइड फसते. मग हेपरिन लावलेल्या ४ केशनलिका पाऊण भरा, एक टोक बंद करा, १२,००० आरपीएमवर ५ मिनिटं फिरवा. नलिका स्लाइडवर आडवी ठेवून बफी कोट (पांढऱ्या पेशींचा पातळ थर) आणि प्लाझ्मा जिथे मिळतात तिथे १० च्या ऑब्जेक्टिव्हने बघा. सेंट्रिफ्यूज सलग वापरून तापलेलं असेल तर परजीवी मरतात आणि जिवंत हालचाल दिसत नाही. दोन फेऱ्यांत ते थंड होऊ द्या.

आपल्याकडे हत्तीपायाचे मायक्रोफायलेरियाही (त्या कृमीची पिल्लं) सापडतात, विशेषतः रात्री घेतलेल्या रक्तात. गोंधळ होऊ देऊ नका. ते २०० मायक्रॉनच्या पुढे असतात आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हलाही सापासारखे दिसतात. इव्हान्साय सरासरी २४ मायक्रॉनचा.

पातळ स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थर) मिथेनॉलमध्ये फिक्स करून १० टक्के जिम्सात ३० मिनिटं ठेवा, बफरचा पीएच ७.२. मध्ये केंद्रक, मागच्या टोकाजवळ बारीक ठिपक्यासारखा कायनेटोप्लास्ट, कडेने लाटदार पडदा आणि पुढे मोकळा फ्लॅजेलम (शेपटीसारखा धागा), एवढं दिसलं पाहिजे. जाड स्मिअर जेएसबीने रंगवला तरी चालतो, पण त्यात परजीवी वाकडातिकडा दिसतो, म्हणून ओळख पातळ स्मिअरवरच पटवा.

गोठा आणि औषध:
गोठ्याकडचं सांगतो, कारण माणसाचा धोका तिथूनच येतो.

सर्रा गोचिडीमुळे होत नाही. लाल लघवी झाली की लोक गोचीडतापाचा विचार करतात, तो आजार वेगळा. सर्रा नेते घोडमाशी, म्हणजे टॅबॅनस, आणि काही प्रमाणात गोठ्यातली चावरी माशी. माशीच्या पोटात परजीवीची वाढ होत नाही. तिच्या सोंडेवर ओलं रक्त असतं, तिचा चावा झोंबतो, जनावर शेपटी मारतं, अर्धं पोट राहिलेली माशी शेजारच्या जनावरावर बसते. एवढाच प्रवास, आणि तोही काही मिनिटांचा. म्हणून आजारी जनावर कळपापासून ५० मीटरपेक्षा लांब बांधलं तरी मोठा फरक पडतो. घोडमाशी दिवसा चावते आणि अंधाऱ्या गोठ्यात शिरायला कचरते. संध्याकाळचा धूर डासांना उपयोगी, हिला नाही. भर दुपारी बांधावर चरायला न सोडणं जास्त उपयोगी.

माशीइतकीच आपली सुईही दोषी असते. पावसाळ्यापूर्वी घटसर्प-फऱ्याची लस देताना एकच सुई वीस जनावरांना वापरली की सर्रा आपणच वाटत जातो. दर जनावराला नवी सुई वापरा. शिवाय सर्रा असलेल्या जनावरात लसीची प्रतिकारशक्तीही कमी बनते.

म्हशीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, दूध थोडं कमी होतं इतकंच. नांगरणीचा ताण किंवा विण्याची वेळ आली की आजार उसळतो. त्यामुळे आजारी दिसणाऱ्या ३ जनावरांवर थांबू नका, त्याच गोठ्यातल्या ठणठणीत म्हशींचंही रक्त तपासा. औषध क्विनापायरामाइन किंवा डिमिनाझिन. मात्रा पशुवैद्यकाने वजनावर काढायची. अंदाजाने कमी मात्रा दिली की परजीवी मरत नाहीत, औषधाला सरावतात. आणि कुत्र्या-घोड्यांना डिमिनाझिन परस्पर टोचू नका, त्यांना ते विषारी ठरू शकतं.

मेलेलं जनावर कापताना रबरी हातमोजे हवेत, हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्याने करावं. कच्चं मांस कुत्र्यांपुढे टाकू नये, त्यातून त्यांना लागण होते.

तापाची नोंद:
माणसाचं सांगतो. निरोगी माणसाच्या रक्तात एपोएल-१ नावाचं प्रथिन असतं. ते इव्हान्सायच्या पोटात शिरून त्याला फोडतं, म्हणूनच इतकी वर्षं गुरांसोबत राहूनही लोकांना सर्रा होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकप्रतींमध्ये बिघाड होता आणि हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच. त्याला येऊन-जाऊन ताप होता आणि संवेदनांमध्ये फरक पडला होता. पाठीच्या पाण्यात परजीवी नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

त्यानंतर त्या गावात १,८०६ जणांची कार्ड चाचणी (रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी) झाली. ४१० जणांमध्ये ती पॉझिटिव्ह आली, पण ज्यांच्यात अँटिबॉडीचं प्रमाण जास्त होतं त्यांचं रक्त तपासल्यावर एकातही परजीवी सापडला नाही. म्हणजे संपर्क अनेकांचा येतो, आजार जवळजवळ कुणालाच होत नाही. गावाला हे आवर्जून सांगा. फक्त अँटिबॉडीच्या भरवशावर कुणालाही रुग्ण ठरवू नका.

तरी बेफिकिरीही नको. व्हिएतनाममध्ये २०१५ साली सापडलेल्या रुग्ण महिलेचं एपोएल-१ अगदी नीट होतं. म्हणून ज्याचा ताप आठवड्याहून जास्त येतो-जातो, मलेरिया निगेटिव्ह आहे, आणि गुरांचा किंवा ताज्या रक्ताचा संबंध आहे, त्याची स्लाइड बघाच. डेंग्यू, स्क्रब टायफस, लेप्टो यांच्या तपासण्याही सोबत करा. आपल्याकडे शक्यता त्यांचीच जास्त.

सापडला तर स्लाइड जपून ठेवा, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवा. सुरामिन औषधाच्या दुकानात मिळत नाही, जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मागवावं लागतं. आधी छोटी चाचणी मात्रा, मग आठवड्याला किलोमागे २० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १ ग्रॅम, शिरेतून, ५ आठवडे. दर मात्रेआधी लघवीत अल्ब्युमिन तपासायचं, कारण औषध मूत्रपिंडाला त्रास देतं. ते मेंदूत पोचत नाही, म्हणून पाठीचं पाणी तपासल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही. आणि जनावराचं इंजेक्शन माणसाला कुणीही, कितीही घाई असली तरी देऊ नये.

धानपट्टा:
खूप आभार. पीसीआरसाठी (परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी) नमुना पाठवायचा झाला तर? इथून शीतसाखळी जमणं कठीण आहे.

काचपट्टी:
फिल्टर पेपरवर रक्ताचे ४-५ थेंब टाका, सावलीत पूर्ण वाळवा, सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत बंद करा. बर्फ लागत नाही. ओल राहिली तर बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. सोबत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेलं रक्त आणि रंगवलेल्या २ स्लाइडही पाठवा.

अजून एक. रुग्ण तान्हं बाळ असेल आणि घरात उंदीर असतील तर ट्रिपॅनोसोमा लुइसायचाही विचार करा, तो उंदरांच्या पिसवांतून येतो. त्याचं मागचं टोक टोकदार असतं, कायनेटोप्लास्ट मोठा आणि टोकापासून बराच आत, केंद्रक पुढच्या भागात. पाठवण्याच्या चिठ्ठीवर बाळाचं वय आणि घरात उंदीर आहेत हे ठळक लिहा, म्हणजे तिकडे इव्हान्साय धरूनच तपासणी होणार नाही.