कार्डावर पाच नावं, मशीनवर तीनच युनिटं: मुलांचं रेशन कसं सुरू करायचं? (जून २०२१)

वस्ती_कार्यकर्ती:
पिंपरी-चिंचवडच्या एका वस्तीतली बिगारी आणि घरकामवाल्या बायांची कुटुंबं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कामं बंद आहेत. कार्डावर आईबाप आणि तीन मुलं, पण रेशन दुकानातलं पॉस मशीन (अंगठा लावायचं यंत्र) तीनच युनिटं, म्हणजे धान्य मिळणारी तीनच माणसं दाखवतं. काहींची कार्डं बीड-परभणीची आहेत. कुठून सुरुवात करू?

रेशनमित्र:
आधी तूट मोजा. प्राधान्य कुटुंबाला (कमी उत्पन्नामुळे स्वस्त धान्याच्या यादीत असलेल्या) माणशी ५ किलो (गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो) आणि केंद्राच्या कोरोनाकाळातल्या गरीब कल्याण योजनेतून माणशी आणखी ५ किलो मोफत. दोन युनिटं गळाली म्हणजे महिन्याला २० किलो धान्य गेलं. लहान मुलांच्या घरात ही फार मोठी तूट आहे. अंत्योदयवाल्यांना (सगळ्यात गरीब कुटुंबांचं कार्ड) वाटतं, ३५ किलो कार्डावरच ठरलेत, मग नावं चढवून काय उपयोग? पण मोफतचं धान्य त्यांनाही माणशीच आहे.

बहुतेक वेळा नाव पेनने लिहून शिक्का मारलेला असतो, पण ऑनलाइन चढवलेलंच नसतं. कार्डाचा १२ अंकी आरसी नंबर (रेशन कार्डाचा ऑनलाइन क्रमांक) महाईपॉसच्या, म्हणजे राज्याच्या रेशन वाटपाच्या संकेतस्थळावर टाका. कुणाची नावं आहेत आणि या महिन्यात किती धान्य उचललं, दोन्ही कळतं. नाव नसेल तर परिमंडळ कार्यालयात (शहरातलं रेशनचं कार्यालय) नमुना ८, म्हणजे नाव चढवायचा अर्ज भरा, सोबत जन्मदाखला आणि मुलाचं आधार. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधारवर ते निघतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुरवठा_जुना:
आईचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असेल तर तिचा आणि मुलांचा असे दोन्ही अर्ज अडकतात. आधी माहेरच्या तालुक्यात नमुना ९ भरून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. माहेरच्या माणसांना आजच कामाला लावा, सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आणि कार्डाच्या केशरी रंगावर जाऊ नका. कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ शिक्का आहे का ते बघा. नसेल तर मोफत धान्य लागू नाही. उत्पन्न शहरात वर्षाला ५९,००० आणि गावात ४४,००० रुपयांच्या आत असेल तर प्राधान्य यादीसाठी वेगळा अर्ज द्या. इष्टांक (यादीत घ्यायच्या माणसांची ठरलेली संख्या) भरलाय असं सांगतील, तरी अर्ज लेखीच द्या.

रेशनमित्र:
बीड-परभणीचं कार्ड प्राधान्य किंवा अंत्योदय असेल तर पिंपरीतल्या कुठल्याही दुकानात चालतं. आधार जोडलेल्या एका मोठ्या माणसाचा अंगठा पुरतो. गावी आजीआजोबांनी आपला वाटा उचलला असेल तर इथे उरलेलंच मिळेल, म्हणून घरात आधी ठरवून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर तक्रार नोंदवा. नेहमीच्या आणि मोफतच्या धान्याच्या पावत्या वेगळ्या निघतात, दोन्ही मागा.

पोषण_सेविका:
नाव चढेपर्यंत मुलांना उपाशी ठेवू नका. अंगणवाडीला रेशन कार्ड लागत नाही, गाव कुठलं हेही आड येत नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांची जवळच्या अंगणवाडीत नोंद करा, गरोदर आणि स्तनदा मातांचीही. सध्या कोरडा शिधा घरी मिळतो. पहिली ते आठवीची मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत असतील तर पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य शाळेतून घ्या: पाचवीपर्यंत दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, पुढे १५० ग्रॅम. वाटपाचा निरोप शाळा व्हॉट्सॲपवर देते, ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना तो पोचत नाही. त्यांच्या घरी जाऊन सांगा.